मामांची साखळी

जे आता लिहितो आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादा हयात होता तोवर दादाला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या वहिनीला तर नाहीच. पण एकदम मुद्द्यावर येणं मला या वयातही जमत नाही. म्हणून आधी मामांबद्दल लिहितो. त्यांच्याबद्दल लिहायला लागलं की हात जरा सैल होतो. पुढचंही मग त्याच ओघात निघेल.

मामा म्हणजे माझ्या वहिनीचे मामा, रोहिणखेडचे. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात काडी ओढण्याआधी विचार करणारा एवढा एकच माणूस होऊन गेला, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. बाकी आम्ही सगळे आधी काडी ओढणारे. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. गोबरगॅस हा शब्द तेव्हा आमच्याकडे इतका नवा होता की म्हातारी माणसं तो म्हणताना हसायची. मामा कुठल्याशा शिबिराला गेले, महिनाभर राहिले आणि ते खूळ डोक्यात घेऊन परतले. मामी आधीच गेलेली, मूलबाळ नाही, शेत बटाईनं दिलेलं. एक भाची तेवढी लहानपणापासून सांभाळलेली, तीही लग्न होऊन उंद्रीजवळच्या आमच्या गावी आलेली. रिकामा झालेला हा माणूस मग सायकल एस.टी.च्या टपावर टाकून गावोगाव फिरायला लागला. कुणाच्या शेणाचा जाळ नीट लागत नाही एवढीच त्यांची चौकशी असे.

सायकलच्या दांड्याला त्यांचा एक डबा लटकलेला असायचा. त्यात साबणाचं पाणी करायला वडी, नट आवळायचे दोन पाने, एक पक्कड, एक काडेपेटी आणि दाढीचा ब्रश. नळीच्या जोडावर त्या ब्रशानं फेस लावायचा आणि फुगा येतो का ते पाहत उकिडवं बसायचं. फुगा आला की तिथून गॅस गळतो. दाढीचा ब्रश असा कामाला लागल्यामुळे मामांच्या गालांवर कायम चार-पाच दिवसांची पांढरी खुंटं असत. वहिनीनं एकदा दुसरा ब्रश आणून दिला. मामा खूश झाले आणि तोही डब्यात टाकला. म्हणाले, "बरं झालं माय, आता दोन जोड संगंच पायता येतीन."

नाक शाबूत राहावं म्हणून त्यांनी तंबाखू सोडली होती. जेवताना कच्चा कांदा बाजूला सारायचे. आमच्या वऱ्हाडात कांदा नाकारणारा पाहुणा म्हणजे घरच्यांचा अपमानच, पण मामा शांतपणे म्हणायचे, "कांदा खाल्ला का दोन दिवस समदं जग कांदाच वाटते." त्या नाकाचा दरारा असा की ते गल्लीत शिरले की बाया चुलीवरचं उतू गेलेलं आधी पुसायला धावायच्या. एकदा आमच्या ओसरीत बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं होतं की चौथ्या घरी डाळ लागून राहिली आहे. मी उठून पाहून आलो. लागली होती.

पण खरा तमाशा त्यांच्या मोजण्याचा. त्यांचा नियम होता: ज्योत विझली की आधी शेगडीची चावी बंद, मग खिडकी-दार उघडं, मग शंभर अंक मोजायचे, मग काडी पेटवायची, आणि सगळ्यात शेवटी चावी. "आधी काडी, मंग चावी," हे त्यांनी आमच्या गल्लीतल्या पोरांकडून पाढ्यासारखं म्हणवून घेतलं होतं. स्वतः मोजायला लागले की डोळे मिटून, मोठ्यानं, एकेक अंक चावून मोजत. मध्ये कुणी बोललं की पुन्हा एकपासून. आमच्या गावच्या टवाळांना हे कळल्यावर काय होणार? मामा सत्तरवर आले की कुणीतरी कुंपणाबाहेरून विचारायचा, "मामा, चिखलीची गाडी किती वाजता हाय हो?" मामा डोळे उघडत, गाडीची वेळ नीट सांगत, आणि परत "एक" म्हणत. त्या दिवशी चहाला आधण येईपर्यंत दुपार टळली. माझी आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे बाप्पा! एवढ्या टायमात तं म्या चुलीवर लगीनघरचा सैपाक केला असता!"

बिघाड शोधायची त्यांची रीत वैद्यासारखी होती. बिघाड काय आहे हे घरमालकानं सांगितलेलं त्यांना चालायचं नाही. "बिघाड नको सांगू भाऊ. काय झालं ते सांग." मग ठरलेले प्रश्न, ठरलेल्या क्रमानं, सगळ्यात सोप्यापासून. उंद्रीच्या एका बड्या शेतकऱ्यानं सांगावा धाडला होता की गॅस मेला. मी त्यांच्यासोबत गेलो होतो.

"टाकी वर आली हाय काय?"

"हाव."

"शेण रोज पडते?"

"हाव."

"पानी बरोबरीनं टाकता?"

"टाकतो हो मामा! समदं करतो. गॅसच बिघडला म्हनतो ना मी!"

"गॅस नाही बिघडत भाऊ. मधातलं कायतरी आडवं येते."

मामा उठले, टाकीजवळच्या मोठ्या चावीला हात घातला आणि ती पाव फेरा फिरवली. स्वयंपाकघरातून बायांचा ओरडा आला: लागली, लागली! चावी कुणीतरी बंद करून विसरलं होतं, एवढंच. त्या भल्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पंचक्रोशीत त्याचा शब्द चालायचा. मामांनी चहा घेतला, आणि जाताना ओसरीवरच्या चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नळीत पानी साचलं व्हतं. काढलं." परत येताना मी विचारलं, खोटं कशाला बोललात? सायकल हातात धरून ते चालत होते. म्हणाले, "मानसाची लाज गेली का थो पुढच्या टायमाले इचारत नाही. अन् नाही इचारलं तं मंग भडका होते."

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा, बुलढाण्याला सायन्सला शिकत होतो. ज्वलन म्हणजे काय हे मला पुस्तकातून माहीत होतं. मामा मला आवडायचे, पण त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही असेल असं वाटायचं नाही. सुट्टीत मी त्यांना नटबोल्ट आवळू लागायचो. मी डावखुरा. आईनं चमच्यानं बोटं फोडून जेवणाचा हात तेवढा उजवा केला होता, बाकी सगळी कामं डाव्यानंच. मामा माझे हात पाहायचे आणि हसायचे. "तुये समदे पीळ उलटे हायत बे. चोरी नको करजो कधी, पह्यल्याच दिवशी सापडशीन."

आता साखळी. गोबरगॅसची लोखंडी टाकी शेणकाल्याच्या विहिरीवर पालथी तरंगते. गॅस भरला की वर येते, वापरला की खाली जाते. ती पार तळाला टेकली की गॅसचा जोर संपतो, ज्योत बारीक होत होत भांड्याखाली केव्हा विझते ते कळतही नाही. आणि खालून गॅस तर हळूहळू तयार होतच असतो. तो विझलेल्या शेगडीतून घरात येत राहतो. शिबिरात यावर उपाय सांगितला होता तो एवढाच, की लक्ष ठेवा. मामांना हे पटलं नाही. "लक्ष ठेवा म्हनजे काय? बाई पोयी लाटन का टाकीवर नजर ठेवन?" त्यांनी लोहाराकडून एक साखळी करून आणली. तिचं एक टोक टाकीला आणि दुसरं मोठ्या चावीला. टाकी टेकायच्या वीतभर आधी साखळी ताणली जाई आणि चावी आपोआप बंद होई. मग टाकी हातभर वर येईपर्यंत ती उघडायची नाही, आणि उघडायची तीही घरातली शेगडी बंद आहे हे पाहून. पहिली साखळी त्यांनी भाचीच्या घरी, म्हणजे आमच्याकडे बसवली. नंतर दहा-बारा घरी.

लोक वैतागायचे. भाजी अर्धी शिजली की गॅस बंद. ऐन वेळी साखळी आवळली गेली की मामांचा उद्धार व्हायचा. मामा म्हणायचे, "बंद पडली म्हनजे बिघडली नाही. थे बोलून राह्यली. आयका न थोडं."

आईचा या सगळ्यालाच विरोध. देवाचा स्वयंपाक शेणाच्या जाळावर? दादानं हट्टानं गॅस बसवून घेतला होता, पण तो वहिनीच्या माहेरचा म्हणून आईचे टोमणे वहिनीला. "तुया मामाचा गॅस आज गळला का गं?" वहिनी हसून घ्यायची. माझ्यापेक्षा ती चारच वर्षांनी मोठी. कॉलेजला जाताना माझ्या डब्यात एक भाकर जास्त घालायची आणि कुणाला सांगायची नाही.

त्या वर्षी महालक्ष्म्यांचा, म्हणजे गौरींचा, सगळा नैवेद्य गॅसवर होणार असं वहिनीनं ठरवलं. सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरण. घरात तीसेक माणसं जेवायला. मामाही येणार होते. अकराच्या सुमाराला, पुरण आटत आलेलं असताना, साखळी ताणली गेली आणि गॅस बंद पडला.

आई दारातच होती. "झालं? म्या म्हनलंच व्हतं. आता देवीले काय अर्धं कच्चं पुरन वाढतं? बलाव तुया मामाले, म्हन आता मोज शंभर!" जमलेल्या बाया हसल्या. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, जरा पायता काय हो?"

मी मागे गेलो. टाकी वीतभर तरी वर होती. खाली अजून गॅस होता. वीतभर गॅस म्हातारबाबांच्या भीतीपायी वाया, असं मला वाटलं. मी साखळी चावीच्या कडीतून सोडवली, वर उचलून खांबाला तारेनं बांधून टाकली, आणि चावी उघडली. आतून बायांचा आवाज आला: लागली, लागली! मला फार बरं वाटलं. वहिनीची लाज राखली असं मी समजत होतो. हे मी सफाई म्हणून लिहीत नाही, तसंच होतं म्हणून लिहितो.

बाराला आरती. सगळे माजघरात आले. नैवेद्याला मांजर तोंड लावील म्हणून वहिनीनं स्वयंपाकघराची खिडकी लावली, दार ओढून घेतलं. कढी तेवढी बारीक जाळावर ठेवली. आरत्या लांबल्या. मग देव्या जेवतात म्हणून पडदा ओढून सगळे ओसरीवर बसलो. कापूर, उदबत्ती, धूप, यांच्या वासात दुसरा वास कुणाला येणार? ज्याला आला असता तो चिखलीच्या गाडीत होता.

पानं वाढायची म्हणून वहिनी आत गेली. कढीखाली जाळ दिसेना. बाहेर तीस माणसं जेवायची खोळंबलेली. तिनं काडी ओढली.

आवाज फार मोठा नव्हता. चादर झटकावी तसा. पण वहिनी बाहेर आली तेव्हा तिच्या भुवया नव्हत्या आणि उजवा हात कोपरापर्यंत लाल झाला होता. ती ओरडली नाही. "माया मामाले नका बोलू," एवढंच आधी म्हणाली.

मामा त्यानंतर थोड्याच वेळात पोचले. हातात भाचीसाठी आणलेलं लुगडं. लोक त्यांच्यावर धावूनच गेले. त्यांनी आधी वहिनीचा हात थंड पाण्याच्या घंगाळात आहे हे पाहिलं, "काढू नका इतल्यात," म्हणाले, आणि सरळ मागे गेले. मी त्यांच्या आधी पोचून तार सोडवायचा विचार करत होतो. मी पोचलो तेव्हा ते खांबासमोर उभे होते.

त्यांनी तारेला हात लावला नाही. नुसते वाकून पाहत राहिले, जसे जोडावरच्या फेसाकडे पाहायचे. मग पक्कड काढली, पीळ तसाच ठेवून तार दोन्हीकडून तोडली आणि खिशात टाकली. साखळी पुन्हा कडीत अडकवली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पीळ उलटा हाय." बस. रागानं नाही. उंद्रीच्या त्या माणसाची चावी फिरवली होती तेव्हाचाच आवाज.

ओसरीवर सगळे उभे होते. सगळ्यांच्या पुढे दादा. मामा म्हणाले, "साखयी कच्ची व्हती. कडी निसटली. चूक मायी हाय."

मी तिथेच होतो, दादाच्या मागे, चार हातांवर. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेही बहुधा मला मोकळं ठेवायलाच. दादा म्हणाला, "मामा, तुमचे खेळ तुमच्या घरी करा. आमच्या उंबऱ्यावर आता पाय ठेवू नका." मामांनी लुगडं ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं, डबा सायकलला लावला आणि गेले. भाचीला दवाखान्यात नेतानाही त्यांना गाडीत घेतलं नाही. ते सायकलवर मागून चिखलीपर्यंत आले, आणि दवाखान्याबाहेर लिंबाखाली बसून राहिले.

वहिनीचा हात बरा झाला, पण दोन बोटं आखडली ती आखडलीच. पोळी लाटताना लाटणं तिरपं धरते. मामा परत आमच्याकडे आले नाहीत. "भाचीचा हात जाळला" ही गोष्ट त्यांच्या सायकलीच्या पुढे गावोगाव पोचली. ज्यांच्याकडे साखळ्या होत्या त्यांनी त्या काढून टाकल्या. एखाद्यानं त्या साखळीनं बैल बांधला असेल. बोलावणी बंद झाली. वहिनी वर्षातून एकदा, दादाला न सांगता, चिखलीच्या स्टँडवर त्यांना भेटायची. तिच्या मनात अढी नव्हती. पण चूक मामांची होती हे तीही धरून चालली, आणि माफ करत राहिली. न केलेल्या चुकीची माफी त्यांनी दर वर्षी तिच्याकडून निमूटपणे घेतली.

पुढे मी मास्तर झालो, सायन्सचाच. बदली मोताळ्याकडे झाली तेव्हा एका रविवारी धीर करून रोहिणखेडला गेलो. जुन्या मशिदीच्या भिंतीशी उन्हात मामा बसले होते. फार वाळले होते. दाढी मात्र गुळगुळीत.

"मामा, दाढी?"

"आता ब्रश मोकयाच हाय न," ते हसले. मग, "हात कसा हाय तिचा?"

"बरा आहे."

"पोया गोल येतेत काय?"

ते डोळे मिटून बसले. ओठ हलत होते. मला आधी वाटलं, नाव घेत असतील. मग ऐकू आलं: एकसष्ट, बासष्ट. ते माझ्यासाठी थांबले होते. मी मध्ये काहीच बोललो नाही, म्हणून त्यांना पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली नाही. शंभर झाले. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घाई नाही. पन शंभराच्या वर थांबा लागत नाही, मास्तर." मग माझ्या खांद्यावर हात टेकून उठले आणि चहा ठेवायला आत गेले. चुलीवर. मी चहा पिऊन परत आलो.

दोन वर्षांनी ते गेले. शेजाऱ्यांनी त्यांचा डबा वहिनीकडे पोचवला. तिनं तो माझ्यासमोर उघडला: दोन ब्रश, वाळून तडकलेली साबणाची वडी, पाने, पक्कड, दमट काडेपेटी. तळाशी कागदात गुंडाळलेला एक तारेचा तुकडा. वहिनीनं तो आखडलेल्या बोटांत धरून उजेडात फिरवला. "हे तार कायची असंन हो भाऊजी? एवढी जपून ठेवली मामानं."

मी म्हणालो, "असेल कशाची तरी."

तिनं तार पुन्हा कागदात गुंडाळली आणि डब्यात ठेवली. मामानं जपली म्हणून तीही जपते आहे. दादा गेला, आईही गेली. माझ्या वर्गातून किती मुलं निघून गेली. ज्वालेचा धडा आला की त्यांना मी अजून म्हणायला लावतो, आधी काडी, मग चावी. मुलांना वाटतं सरांनीच केलेलं आहे. तेही मी कधी दुरुस्त केलेलं नाही.

हे छापून येईल त्याआधी मला उंद्रीच्या रस्त्याला लागायचं आहे. वहिनी मला पाहून उठेल, भाऊजी बसा म्हणेल आणि डाव्या हातानं पाणी आणून देईल. मी तिला तो डबा आणायला सांगणार आहे. तिनं विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलं आहे. वहिनी, साखळी कच्ची नव्हती. ती तार माझी आहे.